रेषेबाहेरची खुर्ची

मी आज जो काही आहे, त्याचं श्रेय एकाच माणसाला द्यायचं झालं तर मी फक्की सरांचं नाव घेईन. शाळेच्या दफ्तरात त्यांचं नाव वेगळं होतं, पण दौंडात त्या नावानं चौकशी केलीत तर कुणी पत्ता सांगणार नाही. फक्की सर म्हणालात तर पानटपरीवाला टपरी सोडून दाखवायला येईल. ते आम्हाला पी.टी. शिकवायचे. मैदान आखायची चुन्याची पांढरी फक्की त्यांच्या अंगावर कुठं ना कुठं असायचीच. पँटचे गुडघे पांढरे, नखं पांढरी, शर्टाच्या खिशावर बोटांचे ठसे. एस.टी.त ते ज्या सीटवरून उठायचे, तिथं नंतर बसलेला माणूस पांढरा होऊन उतरायचा.

पी.टी.च्या या सरांना पळताना मात्र कुणी पाहिलं नाही. त्यांचा सगळा जीव मैदान आखण्यात. गाठी मारलेली सुतळी, लोखंडी खुंट्या आणि फक्कीचं डबडं घेऊन ते सकाळी मैदानात उतरायचे. एखादी रेष मनासारखी आली नाही की पायानं पुसायचे आणि पुन्हा सुतळी ताणायचे. कबड्डीचा तास संपून भूगोलाचा सुरू झाला तरी मैदान तयार नसायचं. हेडमास्तर व्हरांड्यातून विचारायचे, "अहो, पोरं खेळणार कवा?" सर मान वर न करता म्हणायचे, "रेष वाकडी असली तर बाद कोण झालं ते कसं ठरवायचं?"

शिट्टी कायम गळ्यात. एकदा आमच्या वर्गातल्या एकाच्या बहिणीच्या लग्नात फोटोसाठी स्टेजवर झुंबड उडाली. नवरदेवाचा फेटा पडायची वेळ आली, तसे सर खुर्चीवरून उठले आणि त्यांनी शिट्टी फुंकली. सगळं वऱ्हाड जागच्या जागी उभं राहिलं. "उंची परमाणं रांग," सर म्हणाले. मुलीकडचे, मुलाकडचे, आमदारांचे कार्यकर्ते, सगळे खरंच उंचीप्रमाणे रांगेत उभे राहिले. त्यातल्या निम्म्या लोकांनी लहानपणी त्यांच्याच हाताखाली कवायत केली होती. पायांनी आपोआप ऐकलं.

कुणी घर बांधायला काढलं असं कळलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा : "राहून बघितलं का?" समोरचा गोंधळायचा. बांधलंच नाही तर राहणार कसं? सरांचं म्हणणं असं, की कागदावर सगळंच मावतं. कागदावर कॉट मावते, कपाट मावतं, पाहुणे मावतात. घर आधी जमिनीवर फक्कीनं आखावं, पुऱ्या मापाचं, आणि एक दिवस त्यात राहावं. स्वयंपाक करावा, जेवावं, भांडावं. मग बांधावं. लोक हसायचे, पण दोन-चार जणांनी ऐकलं होतं. त्यातल्या एकानं म्हणे आखलेल्या घरात दुपारपर्यंत राहून भावाकडची वाटणीची मागणीच मागे घेतली.

स्वतः सरांचं घर मात्र कधी झालं नाही. त्यांचं गाव मांडवगण फराटा. निवृत्तीनंतर ते तिथं मळ्यात राहायला गेले, विहिरीजवळच्या पत्र्याच्या दोन खोल्यांत. त्या खोल्यांसमोर त्यांनी आपलं घर आखून ठेवलेलं आहे. दर उन्हाळ्यात त्यात काहीतरी बदलतं. मी एकदा गेलो तर काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, त्या आखलेल्या घराच्या हॉलमध्ये शेंगा वाळत घालत होत्या. मला म्हणाल्या, "पायजमा वर घे, तू न्हाणीत उभा हायस." मग हसून म्हणाल्या, "आमचं घर दर पावसाळ्यात वाहून जातं बाबा. पर एक हाय, ह्या घराला झाडलोट लागत न्हाई."

*

माझा आणि फक्कीचा संबंध मैदानावर फारसा आला नाही. मी खेळात कच्चा होतो. संबंध आला तो आमच्या घरात.

माझे वडील, आप्पा, रेल्वेत ट्रॅकमन. दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो. दोन खोल्या आणि मागं एक दगडी पायरी. मी दहावीत असताना सर अचानक घरी आले. पाणी घेतलं आणि मला म्हणाले, "अभ्यासाला कुठं बसतोस?"

"जागा असंल तिथं."

सर उठले. स्वयंपाकाच्या खोलीत खिडकीखाली त्यांनी खिशातल्या फक्कीनं एक चौकोन काढला. मी मांडी घालून बसलो तर गुडघे रेषेला टेकतील एवढाच. मग आईला म्हणाले, "ताई, ह्यो ह्या चौकोनात असला की घरात न्हाई असं समजायचं. हाक मारायची न्हाई, दळण आण म्हणायचं न्हाई." आप्पा नुकतेच ड्यूटीवरून आले होते. त्यांच्याकडे वळून सर म्हणाले, "तुम्हीबी."

"आन् मला तहान लागली तर?" आप्पा म्हणाले.

"तर तुम्ही उठा."

आप्पांना राग येईल असं मला वाटलं. ते उठले, पाणी प्यायले आणि चौकोनाला वळसा घालून जागेवर येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी आईनं फरशी पुसली आणि चौकोन गेला. संध्याकाळी मी शाळेतून आलो तर चौकोन जागेवर होता, रांगोळीचा. त्यानंतर आई रोज फरशी पुसायची आणि रोज चौकोन काढायची. दहावी झाली, बारावी झाली, मी शटलनं पुण्याच्या कॉलेजला जायला लागलो, तरी चौकोन होता. गावाकडचे पाहुणे आले की त्यांना वाटायचं, इथं काही पूजेचं असावं. तेही वळसा घालून जायचे. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी पदवीपर्यंत पोचलं नव्हतं. माझी बी.एस्सी. त्या चौकोनात झाली आहे.

मधे एकदा ती बुडायच्या बेतात होती. बारावीनंतर एक कंत्राटदार मला स्टोअरकीपर म्हणून घ्यायला तयार झाला. काम लगेच, पगार लगेच. मी हरखून सरांना सांगायला गेलो. त्यांनी मला मैदानात नेलं आणि दोन रेषा आखल्या. एक सरळ, फाटकाजवळच्या लिंबाच्या झाडापर्यंत. दुसरी अख्ख्या मैदानाला फेरी घालून जाणारी. "ही तयार नोकरी. ही कॉलेजची. आधी तयार रेषेवरनं चाल."

मी चाललो. लिंब लगेच आलं.

"पोचलास?"

"पोचलो सर."

"आता तिथंच उभा राहा."

पुढची घंटा होईपर्यंत त्यांनी मला तिथं उभं केलं आणि स्वतः पायरीवर बसून शेंगा खाल्ल्या. घंटा झाल्यावर जवळ येऊन विचारलं, "कसं वाटतंय?"

"कंटाळा आलाय सर."

"मग दुसरी रेष बघ अजून किती शिल्लक हाय," ते म्हणाले. त्याच आठवड्यात माझ्याबरोबर ते शटलनं पुण्याला आले आणि प्रवेशाच्या रांगेत माझ्यापुढे उभे राहिले. त्या कॉलेजच्या बाकावर त्यांच्या पँटचा पांढरा ठसा राहिला होता. पहिलं वर्षभर मी त्याच बाकावर बसलो.

हे सगळं आठवत असल्यामुळे, घराचा प्रश्न आला तेव्हा सर काय म्हणणार याची मला पक्की खात्री होती.

*

प्रश्न असा होता. आप्पा निवृत्त होणार होते आणि क्वार्टर सोडायला लागणार होतं. मी तोवर रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला कायम झालो होतो आणि शिक्रापूरला खोली करून राहत होतो. शिरूरच्या बाहेर, नगर रस्त्यापासून थोडं आत, आम्ही एक प्लॉट घेतला होता. तिथं घर बांधायचं आणि आम्ही तिघांनी एकत्र राहायचं, हे माझं कॉलेजपासूनचं स्वप्न. क्वार्टर रिकामं करायच्या आत घर उभं राहिलं पाहिजे होतं.

अडचण आप्पांची होती. ते भांडत नव्हते, ओरडत नव्हते. एवढंच म्हणायचे, "तुम्ही जावा शिरूरला. मी इथंच लाइनीजवळ एक खोली बघतो." का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "तिथं मी काय करू? भितीकडं बघत बसू?" आई चिडायची. "आयुष्यभर ड्यूटी ड्यूटी केली, आता बायकोपोराच्यात राहायचं तर ह्यांना खोली पायजे." पण मला माहीत होतं, आप्पा बोलले की बोलले. घर झालं आणि आप्पा आले नाहीत तर त्या घराचं मी काय करणार होतो?

म्हणून मला घाई होती. घर समोर दिसलं की ते मऊ होतील असं वाटायचं. शिक्रापूरला हायवेवर एका कंपनीचं नमुन्याचं घर उभं केलेलं होतं. पॅकेजचं घर. भिंती, छप्पर, दारं, खिडक्या, सगळं कारखान्यात तयार होऊन ट्रेलरवर येतं आणि जोत्यावर बोल्टांनी जोडलं जातं. निवडीला तीन आराखडे, त्यातला एक घ्यायचा, पाहिजे ते बदल मागायचे नाहीत. मला ते घर फार आवडलं होतं. मी येता-जाता उगाच आत जाऊन नळ सोडून बघायचो. दुसरीकडे शिरूरमध्ये बियाण्याच्या दुकानावर ऑफिस थाटलेल्या एक तरुण आर्किटेक्ट मॅडम होत्या. त्यांनी आमच्यासाठी खास आराखडा काढला होता. मधे छोटंसं अंगण, स्वयंपाकघरात पूर्वेचा उजेड. तो कागद बघून आईनं तो नीट घडी करून ट्रंकेत ठेवला, माझ्या मार्कशीटांबरोबर. मला दोन्ही पाहिजे होतं. मी सरांना पत्र टाकलं. सरांकडे फोन नाही. त्यांच्या मते फोनवर माणूस कुठं उभा आहे ते कळत नाही.

सर रविवारी सकाळच्या एस.टी.नं शिक्रापूरला आले आणि मी त्यांना नमुन्याचं घर दाखवायला नेलं. त्यांनी प्रत्येक भिंतीवर बोटाची पेरं वाजवली. मग फरशीवर उताणे झोपले. कंपनीचा सेल्सवाला पोरगा, टाय लावलेला, पळत आला.

"आजोबा, चक्कर आली का?"

"न्हाई. ह्या घरात आजारी पडल्यावर काय दिसतंय ते बघतोय," सर म्हणाले. मग बाथरूममध्ये जाऊन त्यांनी आतून कडी लावली आणि मोठ्यानं कवायतीचे हुकूम दिले. बाहेर आल्यावर त्या पोराला विचारलं, "तू स्वतः कुठं राहतोस?"

"कॉट बेसिसवर, सर. चौघात एक खोली."

"मग तुला हे घर कसं वाटतं?"

पोरगा टाय सैल करत म्हणाला, "खरं सांगू का सर? दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी आतल्या खोलीत झोपतो. गावच्या घरापेक्षा गार असतं."

सरांना हे उत्तर पटलं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि टाय पांढरा केला.

मग आम्ही मॅडमकडे गेलो. त्यांनी बोलता बोलता विचारलं, "आई स्वयंपाक उभ्यानं करतात की बसून?" सर माझ्याकडे वळून म्हणाले, "ही आखू शकंल." यापेक्षा मोठी पदवी त्यांच्याकडे नव्हती. मला वाटलं, झालं, ठरलं. तयार घर म्हणजे लिंबापर्यंतची रेष. सर आता मला मोठ्या रेषेवरून चालायला लावणार.

जिना उतरताना ते म्हणाले, "पुढच्या रविवारी दोन्ही घरांत राहू. आप्पांना आण. क्वार्टरमधल्या खुर्चीसकट आण."

*

त्या रविवारची आठवण झाली की मला अजूनही एका जागी बसवत नाही.

प्लॉटवर पोचलो तेव्हा सरांनी उजाडताच काम सुरू केलेलं होतं. आमच्या प्लॉटवर मॅडमचं घर आणि शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर पॅकेजचं घर, दोन्ही पुऱ्या मापात, पांढरीशुभ्र. दारांच्या जागी रेषा तोडलेल्या. खिडक्या तुटक रेषांनी. दोन्ही घरांचं तोंड आतल्या कच्च्या रस्त्याकडे, आणि दोन्हींची पाठ रानाकडे, जिकडं लांबवर नगर रस्ता दिसतो. पाठीमागं न्हाणी आणि धुणं-भांड्याची जागा. मॅडमही आल्या होत्या, हातात टेप घेऊन. आपलं घर जमिनीवर पाहून त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्या बराच वेळ दारातून आत-बाहेर करत होत्या.

सरांनी नियम सांगितले. दुपारपर्यंत मॅडमचं घर, दुपारनंतर पॅकेजचं. फक्त दारातून ये-जा. रेष ओलांडली की बाद.

आईनं स्टोव्ह पेटवला. भाकरी तव्यावर टाकली आणि हॉलमधल्या पिशवीतून मीठ घ्यायला सरळ रेषेवरून हात घातला. शिट्टी वाजली.

"बाद."

"अवो सर, भाकरी करपतीय."

"करपू द्या ताई. भितीतनं हात जातो का?"

आई पुटपुटत अंगणाला वळसा घालून गेली आणि मीठ घेऊन आली. भाकरी करपली होती. मॅडमनी लगेच वहीत काहीतरी लिहून घेतलं. मी माझ्या खोलीत चटई टाकून पडलो तर माझे पाय रेषेबाहेर गेले. पुन्हा शिट्टी. शेजारच्या वस्तीवरचे एक आजोबा सायकल धरून उभे होते.

"कबड्डी हाय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, घर हाय," सर म्हणाले.

"आन् बाई कुठल्या संघाकडनं?"

"दोन्हीकडनं," आई आतून म्हणाली. "आन् दोन्हीकडनं बादच हाय."

सायकल स्टँडवर लावून ते आजोबा दुपारपर्यंत तिथंच बसले. त्यांना आम्ही हॉलमध्ये बोलावलं. ते चपला दाराच्या रेषेबाहेर काढून आत आले. एवढा मान माझ्या घराला बांधायच्या आधीच मिळाला, आणि मला इतका आनंद झाला की मी त्यांना दोनदा चहा दिला.

या सगळ्यात आप्पा हॉलच्या कोपऱ्यात आपल्या खुर्चीवर गप्प बसले होते. जेवणं झाली. मग ते उठले, खुर्ची उचलली, नियमाप्रमाणे दारातून बाहेर पडले, घराला वळसा घातला आणि न्हाणीच्या मागं, रेषेच्या बाहेर, रानाच्या कडेला खुर्ची ठेवून बसले. आमच्याकडे पाठ करून.

शिट्टी वाजली नाही. सर बघत होते.

दुपारनंतर आम्ही सगळा संसार उचलून पॅकेजच्या घरात गेलो. आप्पाही आले. थोडा वेळ आतल्या खोलीत बसले. मी म्हणालो, "आप्पा, इथं फॅन येईल, इथं टी.व्ही." ते "व्हय, व्हय" म्हणाले. मग पुन्हा उठले. पुन्हा खुर्ची, पुन्हा दार, पुन्हा वळसा. पुन्हा घराच्या पाठीमागं, रेषेबाहेर.

आईनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "बघा. दोन घरं आखली, दोन्हीतनं उठून बाहेर गेला ह्यो माणूस. मी सांगत न्हवते? ह्यांना आपल्यात राहायचंच न्हाई." आई रागात असली की तिचा आवाज वर चढतो. तेव्हा तो खाली गेला. सगळा दिवस ज्या आनंदात गेला होता तो एकदम पोरखेळ वाटायला लागला. हे सगळं कुणासाठी चाललं आहे, असं मी सरांना विचारणार होतो, पण सर माझ्याजवळ नव्हते. ते दारातून बाहेर पडून आप्पांच्या मागं जाऊन उभे राहिले होते. मी आणि मॅडमही गेलो.

"आप्पा, काय बघताय?"

"काय न्हाई. गाड्या."

लांब नगर रस्त्यावरून वाहनं जात होती. सरांनी डोळ्यांवर हात धरला. "कुठल्या?"

"त्यो ट्रेलर बघा, मोटारी लादून चाललाय. रांजणगावातनं भरला आसंल. मघाशी एक रिकामा आला. रिकाम्याचा आवाज येगळा असतो, खुळखुळतो." आप्पा खुर्चीत पुढं सरकले. "आन् ती एस.टी. लेट हाय. सकाळपासनं तिकडच्या सगळ्या ठरल्या अंतरानं गेल्या, हीच मागं पडली. नगरकडं काय तरी झालं आसंल."

एवढं सलग आप्पांना बोलताना मी किती दिवसांनी ऐकलं होतं. आणि मला क्वार्टरची मागची पायरी दिसली. ड्यूटी असो वा सुट्टी, आप्पा रोज त्या पायरीवर बसून गाड्या बघायचे. आम्ही त्याला ड्यूटीची सवय म्हणायचो. दौंडला त्यांना लाइनीजवळ खोली पाहिजे होती ती याचसाठी, आणि ते आम्हाला सांगता येत नव्हतं. रिकामपणी गाड्या बघायला खोली घेतो, असं कुठला बाप मुलाला सांगेल?

सर माझ्याकडे वळले. मग मला म्हणाले, "दुसरी खुर्ची आण." ती आणली तर ते आप्पांच्या शेजारी बसले आणि त्यांच्याबरोबर त्या लेट एस.टी.कडे बघत राहिले. ती वळणाआड गेल्यावर आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले :

"ताई, हे बाद न्हाईत. आपली रेष चुकली."

आणि उठून त्यांनी न्हाणीची रेष पायानं पुसून टाकली.

पुढचं सगळं तिथंच, उभ्या उभ्या ठरलं. घराचं तोंड फिरवायचं. दार नगर रस्त्याच्या बाजूला, दारापुढं ओटा, न्हाणी मागं कच्च्या रस्त्याकडं. आई म्हणाली, "म्हंजी दार दक्षिणेला? आपल्यात दिशा मानत न्हाईत, पर लोक बोलतील."

"लोकांना हॉलमधी बसवा आन् चहा द्या," सर म्हणाले. सायकलवाल्या आजोबांनी मान डोलावली.

मॅडमनी दोन्ही घरांकडे पाहिलं आणि सरळ सांगितलं, "माझं घर नुसतं फिरवता येणार नाही. ऊन बघून अंगण काढलंय, सगळं पहिल्यापासून काढावं लागेल. क्वार्टर सोडायच्या आत नाही जमणार. पॅकेजचं घर मात्र उचलून फिरवता येईल. ते तुम्ही घ्या." मला वाटलं, त्या नाराज झाल्या. पण त्या पुढं म्हणाल्या, "त्यांच्या पॅकेजमध्ये ओटा नाही. ओटा मी काढते. आप्पा, जरा बसून राहा, तुमच्या गुडघ्याची उंची घेते."

मी सेल्सवाल्या पोराला फोन लावला. तो म्हणाला, "तोंड कुठंही करा सर. आमचा ट्रेलर आत आला म्हणजे झालं."

परतताना मी सरांना विचारलं, "मला वाटलं होतं तुम्ही तयार घराला नाही म्हणणार. लिंबापर्यंतची रेष."

"लेका, तिथं पोचायचं तुला होतं," सर हातावरची फक्की झटकत म्हणाले. "इथं पोचायचं आप्पांना हाय. त्यांची मोठी फेरी मारून झालीय."

*

घर ट्रेलरवरून आलं त्या दिवशी मी रजा टाकली होती. आमच्या भिंती आडव्या पडून नगर रस्त्यावरून येताना दिसल्या आणि मी लहान पोरासारखा ट्रेलरच्या पुढं पळत सुटलो. सर क्रेनजवळ शिट्टी घेऊन हजर. बिहारकडचे फिटर वैतागले. "सरजी, सीटी मत बजाइए, क्रेनवाला रुक जाता है." सरांनी शिट्टी खिशात घातली आणि हातवारे सुरू केले. क्रेनवाला तेही बघून थांबायला लागला. शेवटी आप्पांनी त्यांना धरून खुर्चीवर बसवलं.

शेवटचा बोल्ट बसला तसे सर निघाले. मी म्हणालो, "सर, रविवारी बुद्धवंदना आहे, मग गृहप्रवेश. तुम्ही पाहिजेच." ते म्हणाले, "सामना सुरू झाला की आखणाऱ्यानं मैदानाबाहेर जायचं असतं. मी कुणाच्या घरात जात न्हाई." आखलेल्या एकाही घरात ते बांधल्यावर गेलेले नाहीत, हे मला तेव्हा कळलं. एस.टी.च्या पायरीवरून त्यांनी मागं वळून सांगितलं, "पत्र टाक. घर कसं हाय ते लिहू नको, ते मी बघितलंय. आप्पा कुठं बसतात तेवढं लिही."

मी लिहिलेलं पत्र असं :

आदरणीय सर,

नमस्कार. तुम्ही विचारलं होतं तेवढंच लिहितो.

आप्पा ओट्यावर बसतात. क्वार्टरची किल्ली देऊन आम्ही सगळे एकाच टेम्पोतून आलो. आप्पा पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते, खुर्ची मांडीवर घेऊन. घरात सगळ्यांत शेवटी तेच आले. आत एक फेरी मारली, नळ सोडून बघितला आणि ओट्यावर जाऊन बसले. ओटा त्यांच्या पायांना बरोबर आला आहे. मॅडमना सांगितलं तर त्यांना फार आनंद झाला.

दौंडच्या खोलीचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही. मी कामावरून आलो की ते मला रस्त्याची बातमी देतात. कुठली एस.टी. लेट, कुठला ट्रेलर रिकामा परत गेला. आमच्या कंपनीची गाडी गेली तर ती भरलेली होती की नाही हे मला कंपनीत कळायच्या आधी घरी कळतं. सायकलवाले आजोबा रोज येतात. अजूनही चपला बाहेर काढतात.

आता एक गोष्ट सांगायची आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं ओटा धुतला आणि आप्पांच्या खुर्चीभोवती रांगोळीनं चौकोन काढला. मला म्हणाली, "हे ह्या चौकोनात असले की घरात न्हाईत असं समजायचं." आप्पांना तहान लागली तर आता मी उठतो.

काल आईनं त्याच्या शेजारी दुसरा चौकोन काढला. तिथं एक खुर्ची ठेवली आहे, आणि त्यावर ती कुणाला बसू देत नाही. मी तिला तुमचा नियम सांगितला, की सर कुणाच्या घरात जात नाहीत. आई म्हणाली, ओटा दाराच्या बाहेर हाय.

तुमचा,
चौकोनातला विद्यार्थी